ज्याचा कागद नाही, त्याची चोरीच नाही का?

६ डिसेंबरला वस्तीच्या वस्ती चैत्यभूमीकडे निघते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघते. भीमजयंतीच्या मिरवणुकीला तर घरात म्हातारे माणूसही थांबत नाही. दारांना कुलपे असतात आणि या तारखा चोरांनाही पाठ असतात. अभिवादन करून माणसे परततात तेव्हा कडी उचकटलेली, पेटी उलटी केलेली आणि पोरीच्या लग्नासाठी ठेवलेली पोत गेलेली असते.

बंगल्यात चोरी झाली तर तीन कॉलमी बातमी होते, श्वानपथक येते. वस्तीतल्या चोरीला दोन ओळीही मिळत नाहीत. पण जास्त नुकसान कोणाचे? बंगलेवाल्याचा एक दागिना जातो, आपली मात्र बँकच जाते. भिशीचे पैसे, धुणीभांडी करून दहा वर्षांत जमवलेले दीड तोळे सोने, हीच आपली ठेव आणि हाच आपला विमा. ज्यांच्या वाट्याला बापजाद्यांचा जमीनजुमला आला नाही, त्यांची पहिल्या पिढीची कमाई एका रात्रीत साफ होते.

त्यानंतर ठाण्यात प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. पावती आहे का? झोपडी अधिकृत आहे का? एवढ्याशा चोरीचा गुन्हा काय नोंदवायचा, साधा अर्ज देऊन जा! आपला माणूस खाली मान घालून अर्ज देतो आणि घरी येतो. भरपाईचा रस्ता तिथेच बंद होतो. म्हणून या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवीत.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घरातील चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या कलमात इमारतीबरोबर तंबूचाही उल्लेख आहे. माणूस तिथे राहतो की नाही एवढेच कायदा पाहतो, सातबारा कोणाच्या नावावर आहे हे पाहत नाही. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नव्या कायद्याने अदखलपात्र केली आहे, हे खरे. पण घरात शिरून केलेली चोरी रक्कम कितीही असो, दखलपात्रच आहे. आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली स्पष्ट केले आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद नाकारली तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. पावती नसेल तर गुन्हा नोंदवू नका, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. लग्नातला पोत घातलेला फोटो, सोनाराची चिठ्ठी, शेजारणीची साक्ष, हेही पुरावेच आहेत.

आता भरपाईचे. साध्या घरफोडीत सरकारी तिजोरीतून मदत मिळेल या आशेवर कोणी राहू नये. खरे मार्ग दोन. पहिला, सापडलेला मुद्देमाल परत मिळवणे. चोर सापडतो, माल जप्त होतो आणि तो वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहतो. २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पंचनामा करून, फोटो काढून, बंधपत्र घेऊन माल लवकर मालकाला द्यावा. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये यादी करायला १४ दिवस आणि त्यानंतर निर्णयाला ३० दिवस अशी मुदत घातली आहे. पण अर्ज केल्याशिवाय कोणी माल घरी आणून देत नाही. वकिलाची फी कुठून आणायची? अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार वकील मोफत मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते. तिथे आपले किती लोक जातात?

दुसरा मार्ग विम्याचा. घरकर्ज घेताना अनेक बांधव घराचा विमा उतरवतात आणि निश्चिंत होतात. पण एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत चोरीचे संरक्षण आहे ते आग, पूर अशा आपत्तीच्या पाठोपाठ झालेल्या चोरीपुरते. कुलूप फोडून झालेल्या घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. दावा करताना एफआयआर आणि पंचनामा लागतो. चोर सापडला नाही तर पोलिसांचा 'अ' समरी अहवाल, म्हणजे गुन्हा खरा पण तपास न लागलेला, हाही लागू शकतो. कंपनीने दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे पैसे न भरता तक्रार करता येते.

बँकेच्या लॉकरमध्ये चोरी झाली आणि त्यात बँकेचा दोष असला, तर वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत बँक जबाबदार, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. लॉकरवाल्याला नियम आहे. पत्र्याच्या पेटीवाल्याला फक्त एफआयआर आहे. म्हणून तो सोडायचा नाही.

त्या पेटीत सोन्याहून मोलाचे एक असते, ते म्हणजे कागद. आजोबांचा १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र. चोराला त्याची किंमत शून्य. तो पिशवी नाल्यात फेकून देतो. पण पुढच्या जूनमध्ये पोरीची वैद्यकीयची जागा त्याच कागदावर अडते. सोने पुन्हा घेता येईल, पण पणजोबांचा दाखला कोणत्या दुकानात मिळेल? फिर्याद देताना आपण पैसे आणि दागिने सांगतो, कागद सांगायचे विसरतो. एफआयआरमध्ये प्रत्येक दाखल्याची नोंद झालीच पाहिजे. दुय्यम प्रत मागताना तीच नोंद हाताशी येते.

आणखी एक गोष्ट, जी चळवळीच्या माणसाने विसरू नये. ठाण्यात विचारतात, संशय कोणावर? मग कोणीतरी सहज बोलून जातो, पलीकडे पारध्यांची पाले पडलीत. एवढ्या एका वाक्यावर पहाटे पालांवर धाड पडते, पोरेबाळे उघड्यावर येतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींच्या कपाळावर जन्मताच गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला, पण शिक्का गेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातील जातिभेदावरील सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये. बंगल्यात बांगडी हरवली की आपल्याच आयाबहिणींच्या पिशव्या तपासल्या जातात, तो अपमान आपण भोगला आहे. तोच आपण दुसऱ्याला द्यायचा? पाहिले असेल ते सांगावे, पुरावा असेल त्याचे नाव घ्यावे. जात पाहून संशय घेणारी फिर्याद आपल्या हातून जाता कामा नये.

प्रत्येक विहारात एक रविवार या कामासाठी द्यावा. घरोघरी वस्तूंची यादी करावी, दागिन्यांचे फोटो काढावेत, दाखल्यांच्या साक्षांकित प्रती दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी आणि मोबाइलमध्येही ठेवाव्यात. विधी सेवा समितीचा पत्ता विहाराच्या फळ्यावर लिहावा. वस्तीतली दोन शिकलेली मुले-मुली अशी ठेवावीत, की चोरी झाल्यावर ती फिर्यादीसोबत ठाण्यात जातील, एफआयआर वाचून घेतील आणि मगच सहीला हात लावू देतील. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे. त्या तारखेची खूणही कॅलेंडरवर त्यांनीच करून ठेवावी आणि ९१ व्या दिवशी लेखी विचारणा घेऊन ठाण्यात हजर व्हावे.