प्रकाशाचा भोवरा

वर्धा नदीच्या पुरातला भोवरा आपल्या भागातील श्रोत्यांना नवा नाही. पाणी गरगरते, मधला खळगा मात्र रिता राहतो. प्रकाशालाही असाच भोवरा पाडता येतो, हे आम्ही आज सांगणार आहोत.

साध्या लेसर झोतात लाटा ताटांच्या चळतीप्रमाणे एकामागून एक चालतात. भोवऱ्याच्या झोतात त्या मळसूत्राप्रमाणे पिळलेल्या असतात. ऐन मध्यावर उलटसुलट लाटा एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून भिंतीवर उजळ कडे आणि आत काळोख दिसतो.

याला महागडे यंत्र लागत नाही. बारीक समांतर रेघांचे जाळे संगणकावर काढावे, मधल्या एका रेघेला फाटा फोडून पुढे दोन कराव्यात आणि ते चित्र लहान करून पारदर्शक फिल्मवर उतरवावे. १९९२ साली ऑस्ट्रेलियात हेकेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाने काढलेल्या अशाच जाळ्यांतून भोवरे निर्माण केले. तांबडा झोत नेमका फाट्यावर सोडला, की मधल्या ठिपक्याच्या दोन्ही अंगांना एकेक कडे उमटते. दोहोंचा पीळ परस्परविरुद्ध. मिलिमीटरला दहा रेघा असल्या, तर तीन मीटरवर कडे ठिपक्यापासून सुमारे दोन सेंटिमीटर सरकते.

या पिळात जोरही असतो. १९९५ साली तेथेच अशा झोताने सूक्ष्म कण प्रत्यक्ष फिरविण्यात आले.

एवढे साहित्य गावच्या शाळेलाही जुळविता येईल. मात्र झोत डोळ्यांत कधीही जाऊ देऊ नये. कडे भिंतीवरच पाहावे. प्रयोगशाळा मोठी नाही म्हणून आपल्या मुलांनी हे नवल केवळ ऐकूनच का घ्यावे?