सेन्सर घरी बदला, पण शटर उघडून

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की सिंदेवाहीहून चंद्रपूर गाठण्यापेक्षा ऑक्सिजन सेन्सर घरीच बदलावा, असे वाटणे साहजिक आहे. सायलेन्सरच्या नळीतला हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो. त्यावरून इंजिनला पेट्रोल किती द्यायचे ते ठरते. तो बिघडला की अनेकदा पेट्रोल जास्त जाते, अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

गंजलेला सेन्सर गरम नळीतून लवकर सुटतो, म्हणून आधी गाडी चालू ठेवतात. झड लागली असेल तर शटर ओढून! या वायूला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते. माणूस ‘पित्त झालं’ म्हणून पडून राहतो. कोविडकाळात घेतलेला ऑक्सिमीटरही इथे फसवतो. त्याला दोन्ही वायूंतला फरक कळत नाही, तो 98 दाखवू शकतो.

अशा माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला 4 ते 5 तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास दीड तासाच्या आसपास. गाडी अंगणात काढूनच चालू करावी. इंजिन बंद करून नळी कोमट झाल्यावर पाना लावावा.