झाड लावा, पण रेडॉनसाठी नव्हे

घराभोवती झाडे लावली की जमिनीतला रेडॉन वायू कमी होतो, असा समज अधूनमधून कानावर येतो. जालन्यासारख्या काळ्या मातीच्या जिल्ह्यात तो तपासून घेतलेला बरा.

खडक आणि मातीत युरेनियम अत्यल्प प्रमाणात असतेच. त्यापासून पुढे रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो विरून जातो, बंद खोलीत साचतो. त्यापासून बनणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊन पेशींना इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे हे महत्त्वाचे कारण आहे. घरातील हवेत दर घनमीटरला १०० बेकरेल ही तिने सुचवलेली संदर्भ पातळी आहे.

मग झाड काय करते? रेडॉन निष्क्रिय वायू असल्याने पाने त्याचा कार्बन डायऑक्साइडसारखा वापर करू शकत नाहीत. मुळांनी पाण्याबरोबर ओढलेला थोडा रेडॉन पानांवाटे बाहेर पडतो, इतकेच. रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवस, पण रेडियमचे सुमारे १६०० वर्षे. म्हणजे जमिनीतला साठा नवा रेडॉन घडवतच राहतो.

उलट भिंतीला खेटून लावलेले मोठे झाड उन्हाळ्यात काळ्या मातीतली ओल ओढते. माती आकसते, पाया हलतो, फरशीला तडे जातात. रेडॉन घरात शिरतो तो अशाच फटींतून.

दिलाशाची बाब म्हणजे जालना दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. या खडकात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी असते. मराठवाड्यातच देगलूर-मुखेडकडे मात्र ग्रॅनाइट आढळतो. तरीही एखाद्या घरात रेडॉन किती, हे खडकावरून नव्हे, मोजूनच कळते. त्यासाठी खास फिल्म बसवलेली छोटी डबी खोलीत सुमारे तीन महिने टांगतात.

उपाय साधे आहेत. फरशीच्या फटी, नळ आणि ड्रेनेजच्या पाइपांभोवतीची भोके बुजवा. तळमजल्यावरच्या खोल्यांच्या खिडक्या रोज उघडा. प्रमाण फारच जास्त निघाले, तर जमिनीखालची हवा पाइप आणि पंख्याने छपरावर सोडता येते. आणि घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल, तर आधी ती थांबवा. धूम्रपान करणाऱ्यांना रेडॉनचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो.

कडुनिंब जरूर लावा, भिंतीपासून चांगला लांब. जालन्याच्या उन्हात त्याची सावली हवीच. रेडॉनसाठी मात्र खिडकी उघडा.