तहान वाढली, पाय थकले : घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याची शुश्रूषा

माझ्याजवळ परवाना आहे तो माणसांवर उपचार करण्याचा, जनावरांवर करण्याचा नाही. हे आरंभीच सांगितलेले बरे. या लेखात जे लिहीत आहे ते एका आजारी कुत्र्याची देखभाल करताना, आमच्या पशुवैद्यांच्या हाताखाली शिकले. आणि त्यातला पहिला धडा स्वतःच्या चुकीतून शिकले.

आमचा बंडू डॅशहाउंड जातीचा, लांब पाठीचा आणि आखूड पायांचा. दोन वर्षांपूर्वी, त्याच्या वयाच्या अकराव्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात तो फार पाणी पिऊ लागला. सांगलीचा एप्रिल महिना. माणसांचाच घसा कोरडा पडतो, तेथे कुत्र्याचे काय, असे म्हणून मी ते सोडून दिले. पाऊस सुरू झाला तरी तहान ओसरली नाही. ज्याने जन्मात कधी घर घाण केले नव्हते तो बंडू रात्री स्वयंपाकघरात लघवी करू लागला. मी त्याला रागावले आणि रात्री नऊनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवू लागले. पोट सुटले, तेव्हा ‘म्हातारपणी सुटायचेच’ असे म्हटले. सोफ्यावर चढेनासा झाला, तेव्हा ‘वय झाले’ म्हटले.

माझ्या सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या. गुडघे दुखतात म्हणून वॉकर घेऊन चालतात. एके रात्री बंडू रिकाम्या जागी जीभ फिरवत उभा असलेला त्यांनी पाहिला आणि मला हाक मारून म्हणाल्या, “अगं, दवाखान्यात प्रत्येकाला विचारतेस ना, पाणी किती पिता, लघवीला किती वेळा जाता? मग याला कोण विचारणार?”

त्या प्रश्नाने मी खजील झाले. तहान, लघवी, वाढलेली भूक, सुटलेले पोट, बारीक झालेले हातपाय, पातळ कातडी. ही लक्षणे एखाद्या रुग्णाने सांगितली असती, तर मी पाच मिनिटांत तपासण्या लिहून दिल्या असत्या. आपल्या घरच्या जिवाच्या बाबतीत मात्र ‘वय’ हा एकच शब्द मला पुरला होता.

आजार कोणता?

बंडूला झाला होता तो कुशिंगचा आजार. हार्वे कुशिंग हे अमेरिकेतील मेंदूचे शल्यविशारद. १९३२ साली त्यांनी माणसांमधील या आजाराचा संबंध मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतील लहानशा गाठीशी जोडून दाखवला. कुत्र्यांमध्ये हा आजार माणसांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो.

मूत्रपिंडांच्या शेजारी अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. ते शरीराचे स्वतःचे स्टेरॉइडच होय. योग्य प्रमाणात ते जीवनावश्यक आहे. सतत अधिक झाले की स्नायू झिजतात, कातडी पातळ होते, प्रतिकारशक्ती मंदावते आणि मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत. सुमारे ८० ते ८५ टक्के कुत्र्यांत मूळ दोष पियूषिकेतील गाठीत असतो. उरलेल्यांत तो बहुधा अधिवृक्क ग्रंथीच्याच गाठीत असतो.

तिसरे कारण आपल्या हातचे असते. खाज किंवा सांधेदुखी यांसाठी कुत्र्याला दीर्घकाळ स्टेरॉइड दिले गेले, तरी हीच लक्षणे उमटतात. नायट्यावर माणसे सर्रास जी स्टेरॉइडमिश्रित मलमे चोळतात, ती लावलेला हात-पाय कुत्रा रोज चाटत असेल, तर तेही स्टेरॉइड त्याच्या पोटात जाते. मात्र कुत्र्याला स्टेरॉइडची औषधे चालू असतील तर ती एकदम बंद करू नका. ती पशुवैद्याच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवावी लागतात.

तहान मोजा

निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. हे प्रमाण १०० मिलिलिटरच्या पुढे गेले की कारण शोधलेच पाहिजे. सकाळी मापाने पाणी भरावे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मोजावे आणि असे तीन दिवस करून वहीत लिहावे. बंडूचे वजन तेव्हा ११ किलो होते आणि तो दिवसाला पावणेदोन लिटर पाणी पीत होता. ही एक नोंद पशुवैद्यांना माझ्या साऱ्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडली.

तहान वाढण्याची कारणे आणखीही असतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि मादीच्या बाबतीत गर्भाशयात पू होणे ही त्यांतील महत्त्वाची. म्हणून घरच्या घरी निदान करू नये. आणि पाणी तर मुळीच तोडू नये. तहानेमुळे लघवी वाढत नाही. लघवीतून पाणी निघून जाते म्हणून तहान लागते. मी भांडे उचलून ठेवत होते तेव्हा एका आजारी जिवाला कोरडे पाडत होते.

तहानेखेरीज पुढील गोष्टींकडे लक्ष द्या: हावरटपणे खाणे, गारव्यातही धापा टाकणे, अंगाच्या दोन्ही बाजूंचे केस सारखेच विरळ होणे, पोटाच्या कातडीखालच्या शिरा दिसणे आणि त्वचेचा किंवा लघवीचा संसर्ग वारंवार होणे.

निदान एका चाचणीवर होत नाही. रक्त व लघवीची साधी तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि त्यानंतर संप्रेरकांच्या खास चाचण्या कराव्या लागतात. त्यांतील एका चाचणीत डेक्सामेथासोनची अल्प मात्रा देऊन आठ तासांत तीनदा रक्त घेतात. बंडूचे नमुने पुण्याला पाठवावे लागले. मोठ्या शहरांतील पशुवैद्यकीय प्रयोगशाळा आणि पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने यांचा येथे आधार मिळतो. आपल्या जिल्ह्याजवळ शिरवळला आणि मुंबईत परळला अशी महाविद्यालये आहेत.

औषध आणि त्याची शिस्त

पियूषिकेच्या प्रकारात बहुधा ट्रायलोस्टेन हे औषध देतात. ते आजार मुळातून घालवत नाही. कॉर्टिसॉलचे उत्पादन आवरते. म्हणून ते आयुष्यभर चालते. ते जेवणासोबतच द्यावे, रिकाम्या पोटी ते नीट शोषले जात नाही. कॅप्सूल फोडू नये. गरोदर स्त्रीने ते हाताळू नये आणि इतरांनीही हात धुवावेत. पहिली फेरतपासणी १० ते १४ दिवसांनी होते. पुढे ठरावीक अंतराने रक्त तपासून मात्रा ठरवावी लागते. हा खर्च आणि ही धावपळ घराने आधीच हिशेबात धरावी.

एक धोका पाठ करून ठेवा. मात्रा जास्त झाली तर कॉर्टिसॉल फार खाली जाते. कुत्रा अन्न नाकारतो, उलट्या किंवा जुलाब होतात, अंग गाळून पडतो. कुशिंगच्या कुत्र्याने अन्नावरून तोंड फिरवणे ही साधी गोष्ट नाही. अशा वेळी पुढची मात्रा देऊ नका आणि त्याच दिवशी, त्याच तासाला पशुवैद्यांना फोन करा.

बरा होताना लंगडू लागला

औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तहान निम्म्यावर आली. घर कोरडे राहू लागले. आम्ही निश्चिंत होणार, तोच बंडू लंगडू लागला. सकाळी उठताना कण्हायचा, मागचे पाय ताठ, फिरायला नेले तर दाराशीच बसायचा. औषधानेच पाय गेले, असे घरात सर्वांना वाटले, मलाही वाटले. दोन दिवस डबी हातात घेऊन मी विचार करत होते, द्यावे की थांबवावे.

पशुवैद्यांनी क्ष-किरण काढले आणि उलगडा झाला. सांध्यांचा संधिवात जुनाच होता. अंगात भरमसाठ कॉर्टिसॉल असताना ते स्टेरॉइड सांध्यांची सूज दाबून ठेवत होते. ते आटोक्यात येताच दबलेले दुखणे वर आले. स्टेरॉइडच्या गोळ्यांवर ‘बरे वाटणारे’ आणि गोळ्या उतरवताच आखडणारे रुग्ण मी तीस वर्षे पाहत आले आहे. तरीही हे मला सुचले नाही. म्हणून सांगते: उपचारांनंतर कुत्रा लंगडू लागला तर औषध आपल्या मनाने थांबवू नका. आधी दाखवा.

दुखण्यावर घरातली गोळी देण्याचा मोह अनेकांना होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही आपली औषधे कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात, रक्तस्राव घडवतात, मूत्रपिंडे निकामी करतात. कुत्र्यांसाठी वेगळी वेदनाशामके आहेत. तीही यकृत-मूत्रपिंडांची तपासणी करून, पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेतच द्यायची.

घर बदलावे लागते

गुळगुळीत फरशी हा थकलेल्या पायांचा शत्रू आहे. आम्ही प्रथम सतरंज्या अंथरल्या. बंडू छान चालू लागला; पण दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचा वॉकर सतरंजीच्या कडेत अडकला आणि त्या पडता पडता वाचल्या. सुटे अंथरूण म्हाताऱ्या माणसांना पाडते, हे मीच रुग्णांना सांगत असते! मग रबरी तळाच्या पट्ट्या आणून त्यांच्या कडा दुहेरी चिकटपट्टीने फरशीला पक्क्या केल्या आणि बंडूच्या रोजच्या वाटेवरच तेवढ्या ठेवल्या. घरात वृद्ध माणूस आणि वृद्ध कुत्रा दोघे असतील तर दोघांच्या पायांचा विचार एकदमच करावा.

उंबरठ्याशी आणि पायरीशी फळी टेकवून तिच्यावर गोणपाट ठोकले. सोफ्यावर उडी मारणे बंद केले. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली ठेवून पाठ सरळ राहील असे पाहावे. लांब पाठीच्या जातींत हे फार महत्त्वाचे. सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याची चौपदरी पट्टी पोटाखालून घेऊन मागचे अंग हलके तोलून धरले की बंडू अंगणात स्वतःच्या पायांनी जातो. नखे वाढू दिली तर पंजा नीट टेकत नाही, म्हणून ती वेळेवर कापावीत. एकदाच लांब फिरवण्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटे, उन्हाच्या आधी किंवा नंतर फिरवावे. स्नायू वापरात राहिले तरच टिकतात.

झोपायला जाड गोधडी आणि तिच्याखाली मेणकापड ठेवावे. लघवीने भिजलेली कातडी कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी. कुशिंगच्या कुत्र्याची पातळ कातडी लवकर फाटते आणि उशिरा भरते. जो उठूच शकत नाही त्याची कूस दर काही तासांनी बदलावी, नाहीतर माणसासारख्याच शय्याव्रणा होतात.

वजन वाढू देऊ नका. भुकेने तो केविलवाणे पाहील. पण तुपाची पोळी आणि तळलेले पदार्थ स्वादुपिंडाला सूज आणू शकतात. आमच्या सांगलीत घरोघरी बेदाण्यांचा डबा असतो. बेदाणे, मनुका आणि द्राक्षे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिऱ्यातला, लाडवातला बेदाणाही देऊ नये. कांदा-लसूणही वर्ज्य.

मागचे पाय अचानक लुळे पडणे, एकाएकी धाप लागणे, गोल गोल फिरत राहणे किंवा भिंतीला डोके लावून उभे राहणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

शुश्रूषा करणाऱ्याचेही वय असते

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा एकाच व्यक्तीवर पडली की ती व्यक्ती सहा महिन्यांत आजारी पडते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. कुत्र्याच्या बाबतीतही तसेच घडते, फक्त तक्रार करायची लाज वाटते. आमच्या घरी पहाटेचे काम यजमानांकडे, औषध माझ्याकडे आणि दुपारची सोबत सासूबाईंकडे अशी वाटणी आहे. त्या आपले गुडघे शेकतात तेव्हा बंडूच्या कमरेलाही कोमट कापड लावतात.

आणखी एक गोष्ट आम्ही वेळेवर बोलून ठेवली, कारण संकटाच्या रात्री ती बोलता येत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आम्ही रोज एक खूण करतो. तो स्वतःहून उठला, जेवला, कण्हला नाही, दाराशी आला, तर बरी, नाहीतर फुली. ज्या महिन्यात फुल्या खुणांहून अधिक होतील, त्या महिन्यात पशुवैद्यांशी शांतपणे मरण देण्याविषयी बोलायचे, हे तिघांनी मिळून ठरवले आहे. सासूबाईंना हे प्रथम पटले नव्हते. काही दिवसांनी त्याच म्हणाल्या, “त्याचे हाल आपल्या समाधानासाठी नकोत.”

बंडू आता तेरा वर्षांचा आहे. पाठीवरचे केस पुन्हा आले आहेत, मागचे पाय मात्र पूर्वीसारखे झालेले नाहीत. गेल्या महिन्यात चार फुल्या पडल्या.

आपल्या घरी सात-आठ वर्षांपुढचा कुत्रा असेल, तर एक छोटेसे काम उद्या सकाळीच करा. त्याच्या भांड्यात मापाने पाणी भरा आणि परवा सकाळी उरलेले मोजा. ‘वय झाले’ असे म्हणण्याआधी तेवढे तरी त्याला विचारा.