पोपट आजारी पडतो तेव्हा

श्रावणातली गोष्ट. कोल्हापुरात पावसाची झड लागली होती. शाळा सुटल्यावर नववीतला एक विद्यार्थी आमच्यापाशी येऊन घुटमळत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, आमचा राघू दोन दिवस काही खात नाही. आजी म्हणते, त्याला नजर लागली."

मंगळवार पेठेतल्या त्याच्या घरी आम्ही गेलो. स्वयंपाकघराच्या दारात पिंजरा टांगलेला. पोपट दांडीवर नव्हता, पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. पिसे फुललेली, डोळे अर्धवट मिटलेले आणि प्रत्येक श्वासागणिक शेपूट खाली-वर होत होते. आजी म्हणाल्या, "अहो सर, परवापर्यंत विठू विठू करत होता. एकाएकी काय झालं?"

एकाएकी काहीच झालेले नव्हते. पक्ष्यांच्या आजाराविषयी समजून घ्यायची पहिली गोष्ट हीच आहे. थव्यात राहणारा पक्षी दुखणे लपवतो. थव्यातला जो पक्षी मलूल दिसतो, तो शिकारी पक्ष्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे अंगात थोडीही ताकद असेल तोवर पोपट दांडीवर ताठ बसतो, दाणे उचलतो, निदान उचलल्यासारखे करतो. पिंजऱ्यात ससाणा येणार नसतो, पण लाखो वर्षांची सवय पिंजऱ्यात घातल्याने जात नाही. म्हणून मालकाला 'आज आजारी पडला' असे वाटते, तेव्हा आजार बहुधा बराच जुना झालेला असतो.

पिसे फुलवणे ही खूणही नीट समजून घेण्यासारखी आहे. पक्ष्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. शरीर लहान असले की वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा आणि उष्णता झपाट्याने बाहेर जाते. पिसे फुलवली की त्यांच्यात हवेचा थर अडकतो आणि गोधडीचे काम करतो. थंडीत निरोगी पक्षीही असे करतो, पण दिवसभर पिसे फुलवून बसलेला पक्षी 'माझ्याजवळचे इंधन संपत आले आहे' असेच सांगत असतो. म्हणून डॉक्टर मिळेपर्यंतचा पहिला उपचार म्हणजे ऊब. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना कापड लावावे आणि एका बाजूला, बाहेरून, थोड्या अंतरावर जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा ठेवावा. एकाच बाजूला अशासाठी, की फार गरम झाले तर पक्ष्याला दुसरीकडे सरकता आले पाहिजे.

शेजाऱ्यांनी मात्र दुसराच उपचार सुचवला होता. तापाच्या गोळीचा चतकोर पाण्यात विरघळवून पाजा, म्हणाले. हे गणित फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहे. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर म्हणजे १२५ मिलिग्रॅम. हा पोपट नंतर वजनात ९४ ग्रॅम भरला. म्हणजे दर किलोला सुमारे १३३० मिलिग्रॅम. तीच अख्खी गोळी ६० किलोच्या माणसाने घेतली तर दर किलोला ८ मिलिग्रॅमच्या आसपास. चतकोर गोळीत त्या पोपटाला माणसाच्या जवळजवळ १६० पट मात्रा मिळाली असती.

आणि प्रश्न केवळ मात्रेचा नाही. एका प्राण्याचे औषध दुसऱ्याचे विष ठरू शकते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच देशातले आहे. गाईम्हशींच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांना मानवत होते. पण ते घेतलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. हे कारण २००४ मध्ये उजेडात आले, तोवर काही जातींची नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाली होती. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केले.

तेव्हा गोळी बाजूला ठेवून डॉक्टर शोधणे आले. पेठेतले जनावरांचे डॉक्टर सज्जन गृहस्थ. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिले आणि सांगितले, "मी म्हशी आणि कुत्री बघणारा माणूस. याला हात लावला आणि हातात गेला तर?" हा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला. कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. 'गोकुळ' या नावाने आपण ओळखतो तो जिल्हा दूध संघ १९६३ पासूनचा. इथल्या पशुवैद्याचा दिवस गोठ्यात जातो. मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, आपल्या पुण्याच्या रस्त्यावर शिरवळचे १९८८ पासून. या शिक्षणाचा मोठा भाग गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांना दिलेला असतो आणि शेतीप्रधान देशात तो तसा असणे साहजिक आहे. पोपट, कासव, ससा यांचा वेगळा अभ्यास केलेले डॉक्टर थोडे. त्यांना 'एक्झॉटिक' प्राण्यांचे डॉक्टर म्हणतात. पोपट पाळणाऱ्याने असा डॉक्टर पक्षी आजारी पडण्यापूर्वीच शोधून ठेवावा. आम्हाला तो दोन तास फोन केल्यावर, शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडला.

'एक्झॉटिक' या शब्दाची एक गंमत आहे. त्याचा अर्थ परदेशी. पण आपला हिरवा, लाल चोचीचा, नराच्या गळ्यात गुलाबी-काळे वळे असलेला पोपट तर इथलाच. रंकाळ्याच्या काठी झाडांवर, पंचगंगेकाठच्या शेतांत तो केव्हाही दिसतो. परदेशी तो लंडनमध्ये ठरतो. तिथे पिंजऱ्यांतून सुटलेल्या पोपटांची पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली वस्ती आहे. पशुवैद्यकात मात्र कुत्री, मांजरे आणि गोठ्यातली जनावरे सोडून बाकी पाळीव प्राणी सरसकट 'एक्झॉटिक'. कायद्याची भाषा याच्या बरोबर उलटी आहे, ती पुढे पाहू.

आता तपासणी. डॉक्टरांनी पिंजरा टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटे काहीच केले नाही, लांबून नुसते पाहिले. विद्यार्थी चुळबुळू लागला. पण पाहणे हीच तपासणी होती. दांडी कशी धरतो, चोच उघडी आहे का, शेपूट हलते का. हात लावल्यावर घाबरलेला पक्षी यातले काहीच दाखवत नाही.

शेपूट हलण्याचे कारण श्वसनात आहे. आपली फुफ्फुसे भात्यासारखी फुगतात आणि मिटतात, खाली श्वासपटल असते. पक्ष्याला असे श्वासपटल नाही. त्याची फुफ्फुसे जवळजवळ ताठर असतात आणि भात्याचे काम शरीरभर पसरलेले पातळ वायुकोश करतात. बहुतेक पक्ष्यांत ते नऊ असतात. आत घेतलेली हवा बरीचशी आधी मागच्या कोशांत जाते, उच्छ्वासाच्या वेळी तिथून फुफ्फुसात येते, दुसऱ्या श्वासात पुढच्या कोशांत जाते आणि दुसऱ्या उच्छ्वासात बाहेर पडते. हवेच्या एका घोटाला दोन श्वासांचा प्रवास. फुफ्फुसातून ती एकाच दिशेने वाहत राहते, म्हणून प्राणवायू फार कार्यक्षमतेने शोषला जातो.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, हा भाता छातीच्या हाडाच्या हालचालीवर चालतो. पोपट मुठीत घट्ट धरला की नाक-तोंड उघडे असूनही तो गुदमरतो. डॉक्टरांनी मऊ टॉवेल टाकून बोटांनी जबड्याच्या दोन्ही बाजू धरल्या आणि छाती पूर्ण मोकळी ठेवली. पेठेतल्या डॉक्टरांची भीती अगदी खरी होती. दुसरी गोष्ट अशी, की जे फुफ्फुस प्राणवायू इतका चटकन घेते, ते विषारी वायूही तितक्याच चटकन घेते. इंग्लंडच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेत ते याचमुळे, आणि ती पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. घरात याचे रूप म्हणजे न चिकटणारा तवा. तो रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वाफेने माणसाला फारसे काही होत नाही, पिंजऱ्यातला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पिंजरा स्वयंपाकघराच्या दारात टांगणे या एका कारणासाठीच चुकीचे आहे.

नंतर वजन. काटा ग्रॅममध्ये मोजणारा, गुजरीतल्या सराफाकडे शोभावा असा. ९४ ग्रॅम. या जातीचा पूर्ण वाढलेला पोपट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असतो. छातीच्या मधोमध उरोस्थीची उभी कडा असते. निरोगी पक्ष्यात तिच्या दोन्ही बाजूंना उड्डाणाचे स्नायू भरलेले असतात. इथे बोट फिरवले तर कडा सुरीच्या पात्यासारखी लागत होती. १२० चे ९४ होणे म्हणजे ६० किलोच्या माणसाने १३ किलो गमावणे. पिसांखाली हे दिसत नाही. पण आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवले असते, तर महिनाभर आधी कळले असते.

डॉक्टरांनी विष्ठेचा कागद मागितला, तो सुदैवाने आम्ही नेला होता. पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग दिसतात: हिरवट-तपकिरी मळ, पांढरा युरिक आम्लाचा लगदा आणि भोवती पाणीदार लघवी. आपण नत्राचा टाकाऊ भाग युरियाच्या रूपाने पाण्यात विरघळवून टाकतो. अंड्यातल्या पिल्लाला तेवढे पाणी कुठले? म्हणून तो न विरघळणाऱ्या पांढऱ्या कणांच्या रूपाने साठवला जातो आणि हीच रीत पक्षी जन्मभर चालवतो. पांढरा भाग पिवळा-हिरवा झाला तर यकृताची शंका येते, पाणी फार वाढले तर मूत्रपिंडाची. तळाचा कागद रोज बदलणाऱ्याला हे सगळे फुकट वाचायला मिळते. रक्ताची तपासणी मात्र त्या दिवशी टाळली. पक्ष्याचे रक्त वजनाच्या सुमारे दहा टक्के. ९४ ग्रॅमच्या पोपटात ते साधारण ९ मिलिलिटर, म्हणजे दोन चमचेही नाही. निरोगी पक्ष्यातून त्यातला दहावा भाग काढता येतो, अशा अशक्त पक्ष्यातून तेवढाही नको.

निदान तोंडात सापडले. जिभेच्या वर, टाळूच्या फटीला बारीक काटेरी कड असते. ती झडून गेली होती आणि आतली त्वचा जाड, पांढुरकी झाली होती. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाचे हे ठरावीक लक्षण. श्वासमार्गाचे नाजूक अस्तर असे जाड आणि कोरडे झाले की जंतूंना वाट मोकळी होते. "काय खातो?" या प्रश्नावर आजी अभिमानाने म्हणाल्या, "शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया. दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही." बियांत तेल भरपूर, 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नाही. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांपैकी काहीही चालले असते. मिरचीसुद्धा. पोपट मिरची खातो याचे मुलांना नेहमी आश्चर्य वाटते. आपल्याला ज्या ग्राहकामुळे तिखट झोंबते, तो ग्राहक पक्ष्यांतही आहे, पण मिरचीतल्या कॅप्सेसिनला तो दाद देत नाही. हे डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये दाखवले. मूळ ग्राहकाच्या शोधासाठी त्यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. लवंगी मिरचीने आपल्या डोळ्यांत पाणी येते, राघूला ती नुसती भाजी.

जाता जाता डॉक्टरांनी आजींना विचारले, "घरात कोणाला ताप, खोकला?" पोपटांमध्ये 'सिटॅकोसिस' नावाचा जिवाणूजन्य आजार असतो आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो माणसाला होऊन न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. औषधाने बरा होतो, पण आपल्या डॉक्टरांना 'घरात पोपट आहे' हे सांगितले तरच तो त्यांच्या ध्यानात येतो. सुदैवाने घरात तसे काही नव्हते.

मग आजी हळूच बोलल्या. पोपट महिनाभर सुकत चाललेला त्यांच्या लक्षात आले होते. डॉक्टरकडे आणला नाही, कारण कोणीतरी सांगितले होते की नेलात तर काढून घेतील. बारा वर्षांची सोबत होती.

भीती निराधार नव्हती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. देशी पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा गुन्हा आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हा पोपट दुसऱ्या अनुसूचीत आहे. उलट दुकानात मिळणारे ऑस्ट्रेलियाचे बजरीगर किंवा कॉकाटील पाळायला अशी बंदी नाही. आफ्रिकेच्या करड्या पोपटासारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी जातींची मात्र २०२४ च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. म्हणजे डॉक्टरांच्या लेखी जो 'एक्झॉटिक', तो कायद्याच्या लेखी अस्सल देशी, आणि म्हणूनच पाळायला मनाई. कायद्यामागचे कारण उघड आहे. बाजारात आलेले प्रत्येक पिल्लू कोणत्या तरी ढोलीतून काढलेले असते आणि विक्रीपर्यंत न जगलेल्यांची गणती कोणी ठेवत नाही. पण याच कायद्याच्या धास्तीने आजारी पक्षी डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही, हेही आम्ही त्या दिवशी पाहिले.

डॉक्टरांनी आधी ऊब, पाणी, नळीने पातळ अन्न, 'अ' जीवनसत्त्व आणि प्रतिजैविक दिले. मग स्वच्छ सांगितले, वनविभागाला कळवावे लागेल. विद्यार्थ्याने विचारले, "मग आम्हीच सोडून देऊ का रंकाळ्यावर?" ते सर्वांत वाईट. बारा वर्षे न उडालेल्या पक्ष्याच्या छातीत स्नायू नसतात, त्याला झाडावरचे अन्न ओळखता येत नाही आणि माणसाची भीती वाटत नाही. कावळे आणि मांजरे त्याला दिवसभरही टिकू देणार नाहीत. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करणे हा रस्ता. तो आजींनी स्वतः केला, आठ दिवसांनी, पोपट दांडीवर बसू लागल्यावर.

मधल्या काळात विद्यार्थ्याने वजनाची वही ठेवली होती. पहिली नोंद ९४, शेवटची १०७. ती वही त्याने पिंजऱ्याबरोबर वनरक्षकाच्या हाती दिली. सोबत एका चिठ्ठीवर आजींच्या सांगण्यावरून लिहिले होते: गाजर किसून दिले तरच खातो.