विश्वविजेता झाला, रेटिंग घटले : एलो पद्धतीचे गणित

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डी. गुकेशने डिंग लिरेनला ७.५–६.५ असे हरवले आणि वयाच्या १८ व्या वर्षी तो बुद्धिबळाचा विश्वविजेता झाला. लढतीआधी त्याचे रेटिंग २७८३ होते. १ जानेवारी २०२५ च्या फिडेच्या यादीत ते २७७७ झाले. हरलेला डिंग मात्र २७२८ वरून २७३४ वर गेला. यात छपाईची चूक नाही. हा हिशेब कसा लागतो हे कळले की रेटिंग म्हणजे नेमके काय, तेही कळेल.

ही पद्धत बसवली अर्पाद एलो यांनी. हंगेरीत जन्मलेले एलो अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. फिडेने त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. एलो हे आडनाव आहे, कशाची आद्याक्षरे नव्हेत. त्यामुळे ते मोठ्या अक्षरांत लिहायची गरज नाही.

मूळ कल्पना अशी. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून आधी एक अंदाज बांधायचा : या डावात अमक्याला सरासरी किती गुण मिळावेत? विजयाला १, बरोबरीला अर्धा, पराभवाला शून्य. प्रचलित सूत्र असे :

अपेक्षित गुण = १ ÷ (१ + १०^(−फ/४००))

येथे फ म्हणजे स्वतःच्या रेटिंगमधून प्रतिस्पर्ध्याचे रेटिंग वजा करून आलेला फरक. फ शून्य असेल तर उत्तर ०.५ येते. फ २०० असेल तर सुमारे ०.७६. फिडे प्रत्यक्षात सूत्राऐवजी एक तक्ता वापरते, पण या फरकांना दोन्हींची उत्तरे जुळतात.

डाव झाल्यावर दुरुस्ती करायची :

नवे रेटिंग = जुने रेटिंग + के × (मिळालेले गुण − अपेक्षित गुण)

कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. कंसात त्रुटी आहे आणि के म्हणजे गेन. के मोठा असेल तर रेटिंग चटकन बदलते, पण हेलकावेही खाते. म्हणून फिडे नवख्या खेळाडूंना आणि २३०० च्या खालच्या, १८ वर्षांखालील मुलांना ४० चा के देते, इतरांना २०, आणि एकदा २४०० गाठलेल्यांना १०.

आता सिंगापूरचा हिशेब. फरक ५५, म्हणून गुकेशचे अपेक्षित गुण डावामागे ०.५८. चौदा डावांचे ८.१२. मिळाले ७.५. त्रुटी −०.६२, ती गुणिले १० म्हणजे −६.२. म्हणून २७७७.

गंमत पुढे आहे. ७.५ गुण होताच ही लढत संपते. गुकेशने तेवढे गुण तेराव्या डावात गाठले असते, तरी अपेक्षा ७.५४ असल्यामुळे किंचित घटच झाली असती. बारा डावांत जिंकला असता तर रेटिंग वाढले असते. करंडकाला फक्त कोण पुढे एवढेच पाहायचे असते. रेटिंग विचारते, अंदाजापेक्षा पुढे की मागे? शेवटच्या डावातला ताण, कोणाकडे पांढरी मोहरी होती, यातले काहीच त्या सूत्रात नाही.

दोघांचा के सारखा असेल तर एकाने गमावलेले गुण दुसऱ्याला मिळतात. गुकेशचे सहा डिंगकडे गेले तसे. येथेच पद्धतीची खरी अडचण सुरू होते. समजा, एका गावातली दहा मुले वर्षभर फक्त आपापसांत खेळली आणि सगळीच पुष्कळ सुधारली. के सारखा असेल, तर त्यांच्या रेटिंगची सरासरी जागची हलणार नाही, कारण गुण फक्त हात बदलतात. ही मुले बाहेरच्या स्पर्धेत उतरली की १७०० चा अनुभवी खेळाडू '१५०० च्या' मुलाकडून हरतो. मुलाला ४० × ०.७६, म्हणजे सुमारे ३० गुण मिळतात. मोठ्याचे २० च्या केमुळे सुमारे १५ जातात. जास्तीचे १५ गुण बाहेरून आले खरे, पण मुलगा त्याहून वेगाने सुधारत असेल तर तेही अपुरे पडतात. अशा पराभवानंतर आपला खेळ बिघडला असे त्या मोठ्याला वाटते. बऱ्याचदा बिघडलेली असते मोजपट्टी.

फिडेने मार्च २०२४ मध्ये यावर एकदाच उपाय केला. किमान रेटिंग १००० वरून १४०० केले आणि २००० च्या खालच्या प्रत्येकाला (२००० − रेटिंग) च्या ४० टक्के गुण वाढवून दिले. १५०० चे १७०० झाले, १९०० चे १९४०. म्हणून २००० च्या खालच्या खेळाडूची २०२३ आणि २०२५ ची रेटिंग शेजारी ठेवून प्रगती मोजायची असेल, तर ही वाढ आधी वजा करा.