टॅबचे कुलूप आणि मनाचे शील

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तेव्हा आपल्या मुलांच्या हाती पुस्तक येणे हीच मोठी गोष्ट होती. आज त्याच हातांत लॅपटॉप किंवा टॅब येऊ लागला आहे. मुंबई महानगरपालिकेने 2015 साली आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. शाळेच्या अशा यंत्राला बहुधा न दिसणारे कुलूप असते आणि मुले ते उघडतात. मिठबावातील पालकांसाठी हा विषय आम्ही येथे मांडीत आहोत.

हे कुलूप म्हणजे यंत्रात बसविलेली नियमावली. कोणते अ‍ॅप चालावे, कोणते संकेतस्थळ उघडावे, हे शाळा दुरून ठरविते. मुले ही नियमावली पुसून टाकतात, व्हीपीएन नावाच्या आडवाटेने जातात किंवा शिक्षकांचा पासवर्ड मिळवितात. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी 2013 साली आयपॅड दिले. थोड्याच दिवसांत सुमारे 300 विद्यार्थ्यांनी नियमावली पुसून फेसबुक, यूट्यूब उघडले. परिणामी आयपॅड घरी नेण्यासच बंदी आली. उद्योग थोड्यांचा, नुकसान सर्वांचे! ज्यांच्या घरी दुसरे साधन नाही, त्यांचे नुकसान सर्वांत जास्त.

मूल कुलूप उघडते ते बहुधा कुतूहलाने. कुतूहल हा गुन्हा नव्हे. तथागतांनीही कालामांना सांगितले की, केवळ ऐकीव म्हणून काही मानू नका, पारखून घ्या. परंतु पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेऊ नये असे सांगते. शिक्षकांचा पासवर्ड आपणांस दिलेला नसतो. चोरून खेळून "अभ्यास करतोय" म्हणणे हा चौथ्या शीलाचा भंग होय.

आम्ही बँकेत नोकरी करतो. तिथे तिजोरीच्या दोन चाव्या दोघांच्या ताब्यात असतात. टॅबचेही तसेच असावे : एक चावी शाळेची, दुसरी घराची. आई-वडील मुंबईस असतील तर आजीने रात्री टॅब आपल्याजवळ ठेवावा. बंदी कशासाठी, हे शिक्षकांनी समजावून सांगावे. अभ्यासाचे एखादे संकेतस्थळ बंद असेल तर मुलाने ते मागावे आणि शाळेने उघडून द्यावे. कुलपातील उणीव एखाद्याला सापडली व त्याने ती गुरुजींना सांगितली, तर त्याला शिक्षा नको, शाबासकी द्यावी.

बाबासाहेबांनी प्रज्ञेबरोबर शील मागितले, ते याचसाठी. कुलूप आज ना उद्या तुटेल. शील मात्र मुलाबरोबर जन्मभर राहील.

जय भीम!